टोपलीतली पोळी

घाटाच्या तोंडाशी एक गाव होतं, आणि त्या गावाकडं पाठ करून उभा राहणारा एक नाईक होता. गावावर रुसला होता म्हणून नव्हे, त्याचं कामच ते. पाठ गावाकडं, तोंड रानाकडं, हातात भाला. रानातून लांडगे यायचे, आणि कधी कधी लांडग्यांपेक्षा वाईट असे दोन पायांचेही यायचे. म्हणून वेशीबाहेर राखणदारांच्या झोपड्या होत्या, आणि नाईक त्या सगळ्यांचा म्होरक्या होता.

त्या गावाच्या रीती मोठ्या चमत्कारिक. राखणदारानं गावात यावं, पण भाला वेशीवरच्या चिंचेला टेकवून आणि वहाणा काढून. आत आला की तो कुणाचा भाचा, कुणाचा मेहुणा, कुणाचा व्याही. पोरं त्याच्या मिशा ओढायची, म्हाताऱ्या त्याला लाकडं फोडायला बसवायच्या. बाहेर जाऊन भाला हातात घेतला की पुन्हा पाठ गावाकडं.

दुसरी रीत भाकरीची. राखणदारांना सगळ्या गावानं पोसायचं, पण कुणाचं कुणी खाल्लं ते कळू द्यायचं नाही. दिवस कलला की टोपलीवाली म्हातारी दारोदार फिरायची. कुणी ज्वारीची भाकरी द्यायचं, कुणी नाचणीची, कुणी कडेला करपलेली. वेशीपाशी आली की म्हातारी जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरायची, टोपली त्यावर पालथी करायची, आणि भाकरी खालीवर करून पुन्हा भरायची. कुणाची कुठली ते देवालाही कळत नसेल, म्हातारी म्हणायची, कारण त्या वेळेला तो देवळात डुलक्या घेत असतो.

आणि भाकरी हातात घेऊन जो म्हणेल, "ही अमक्याच्या घरची दिसती," त्याची भाकरी म्हातारी काढून घ्यायची. त्या दिवशी तो उपाशी. बरं, ती मुद्दाम फसवायची. "काय रे, आज तेलिणीनं मीठ जास्त टाकलंय व्हय?" असं सहज विचारायची. कुणी भोळा "व्हय की" म्हणाला, की भाकरी गेली कुत्र्याच्या तोंडात.

"असं का गं करतीस, आजे?" नवा असताना नाईकानं विचारलं होतं.

"ही भाकरी कुणाची ते तुला कळलं, तर लांडगा आल्यावर तू आधी त्याच्याच गोठ्याकडं पळशील," म्हातारी म्हणाली. "आता तुला सगळ्यांच्या गोठ्याकडं पळायला लागतंय. पळ."

नाईकाला मात्र एक भाकरी कळायची. त्याची धाकटी बहीण खालच्या आळीत दिलेली होती. लहानपणापासून तिची करंगळी वाकडी, त्यामुळं तिनं थापलेल्या भाकरीच्या कडेला एक बारीक खाच पडायची. ती भाकरी कधी वाट्याला आली, तर नाईक अंगठ्यानं ती खाच चाचपायचा आणि गप्प खायचा. उपाशी कोण राहील?

तिसरी रीत चिंचोक्यांची. सुगी आटपली की दिवाळीच्या आधी गाव आपला कारभारी निवडायचं. पारावर दोन मडकी मांडायची, तोंडाला फडकं बांधायचं, फडक्याला हात जाईल एवढं भोक. ज्यानं त्यानं दोन्ही मडक्यांत हात घालायचा आणि एकातच मूठ उघडायची. चिंचोका मडक्यात पडला की टक वाजतो, तो कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून दिवसभर हलगी बडवत ठेवायची. हलगीवाल्याचे हात सुजायचे, पण गावाचं गुपित गावात राहायचं. राखणदार त्या दिवशी वेशीबाहेर, पाठ गावाकडं.

आता त्या वेळचा कारभारी कसा होता? गोरागोमटा, गोड बोलका, कपाळावर टिळा. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. त्यानं खांद्यावर हात ठेवला की समजायचं, आता आपलं काहीतरी जाणार. त्यानं झऱ्याचा पाट हळूच आपल्या केळीच्या बागेत वळवून घेतला होता. खालच्या आळीचं पाणी आटलं. तिथल्या बाया घळीत उतरून गढूळ पाणी आणायला लागल्या.

एका दुपारी नाईकाची बहीण हंडा घेऊन वेशीतून चालली होती. भाऊ नेहमीसारखा रानाकडं तोंड करून उभा.

"अरे दादा, तुझी पाठ बघून बघून तुझं तोंड विसरायला झालंय मला."

"चांगलं झालं. बघण्यासारखं नव्हतंच ते," नाईक म्हणाला. वळला मात्र नाही.

"घळीतलं पाणी पिऊन पोरांची पोटं बिघडल्यात. यंदा आमचा चिंचोका कुंभाराला."

खालच्या आळीतला कुंभार कारभाऱ्याविरुद्ध उभा राहणार होता. पारावरची दोन्ही मडकी त्यानंच घडवलेली, तेव्हा मडकी तरी त्याच्या बाजूची असतील, अशी लोक थट्टा करायचे.

"मला नको सांगू ते," नाईक म्हणाला.

"तुला कुठं सांगतीय? तुझ्या पाठीला सांगतीय." आणि हंडा हलवत गेली हसत.

याची कुणकुण कारभाऱ्यालाही लागली होती. तो एक दिवस वेशीवर आला, सोबत झाकलेली पाटी. झाकण काढलं तर आत पुरणपोळ्या, वर तुपाची धार.

राखणदारांत एक डावखुरा होता, त्याला सगळे डावरा म्हणायचे. भाला फेकण्यात पटाईत, आणि कुरकुरण्यात त्याहून. त्याच्या नाकाला वास गेला आणि तो उठून उभाच राहिला.

"नाईकबुवा," कारभारी म्हणाला, आणि हात खांद्यावर गेला. "तुम्ही ऊन म्हणत नाही, थंडी म्हणत नाही. आणि गाव तुम्हाला काय देतं? करपलेल्या भाकरी. मला बघवत नाही. आजपासून आमच्या घरच्या पोळ्या येतील. रोज."

"वेगळी टोपली चालत न्हाई, कारभारी," नाईक म्हणाला. "रीत हाय."

"मग वेगळी कशाला? त्याच टोपलीत टाका. म्हातारीला म्हणावं, खालीवर कर. रीत काही मोडायची नाही आपल्याला."

नाईकानं आपल्या माणसांकडं पाहिलं. पावसाळाभर त्यांनी शेवाळलेल्या दगडांवर उभं राहून काढला होता. डावरा पोळीकडं असा बघत होता, जसं वासरू गाईकडं. नाईकाला वाटलं, काय बिघडतंय? मिसळली की झाली गावाची.

म्हातारी आली, तिनं पाटीत डोकावलं.

"नाईका, ह्या बी मिसळू?"

"मिसळ की. रीतच हाय ना."

"मिसळती." तिनं टोपली पालथी केली, भाकरी आणि पोळ्या खालीवर केल्या, पुन्हा भरल्या. मग टोपली त्याच्यापुढं धरली. "घे. आता डोळं मिटून खा, म्हंजी कुणाची ते कळायचं न्हाई."

पोळी काय भाकरीत लपती? कुणी कुणाचं नाव घेतलं नाही, घ्यायला लागलंच नाही. म्हातारी कुणाचीही पोळी हिसकावू शकली नाही, कारण कुणी बोललंच नव्हतं. त्या दिवसापासून टोपली आली की सगळ्यांचे हात पोळ्यांवर पडायचे. भाकरी तळाला उरायच्या, कुत्री लठ्ठ व्हायला लागली. नाईक स्वतः भाकरीच खायचा. आपण भाकरी खातो म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्याला वाटायचं. कधी एखादी पोळीही खायचा. तीही मिसळलेलीच होती ना.

चिंचोक्यांचा दिवस जवळ आला तसा कारभारी पुन्हा आला. खांद्यावर हात.

"नाईकबुवा, खालच्या आळीची माणसं चिडलीत. पारावर दगडफेक करतील अशी कुणकुण आहे. मला माझी काळजी नाही हो. मडकी फुटली तर गावाचं कसं व्हायचं?"

"मग काय करायचं म्हणता?"

"तुम्ही माणसं घेऊन आत या. नुसतं मडक्यांभोवती उभं राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही."

नाईक दचकला. "भाला घेऊन आत? आम्ही पाठ गावाकडं करून उभं राहातो, कारभारी. ते आमचं पहिलं काम."

"अहो, मग पाठच करा की," कारभारी हसला. "मडक्यांकडं पाठ करा. मडकी म्हणजेच गाव नाही का? तोंड बाहेरच्या बाजूला. जसं वेशीवर, तसंच. जागा तेवढी वेगळी."

बाहेरच्या बाजूला म्हणजे माणसांच्या बाजूला, हे कारभारी बोलला नाही. नाईकाच्या ध्यानात ते आलं नाही असं नाही. पण डावऱ्यासकट सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते, आणि पाठ तर फिरवायची होतीच. तो म्हणाला, "बरं."

तो दिवस उजाडला. राखणदार वहाणा घालून, भाले घेऊन वेशीतून आत आले, गावानं पहिल्यांदाच असं पाहिलं. पोरं मिशा ओढायला धावली नाहीत, आयांच्या मागं लपली. राखणदार मडक्यांभोवती कडं करून उभे राहिले. हलगीवाला पुढं सरसावला, तर कारभारी म्हणाला, "आज गलका नको. शांततेत होऊ दे सगळं." हलगी चावडीतल्या खुंटीला टांगली गेली.

आणि मग इतकी शांतता पसरली, की पिंपळाचं पान पडलेलं ऐकू यावं.

पहिली बाई पुढं आली. तोंडावर पदर. एका मडक्यात हात, मग दुसऱ्या मडक्यात. टक. नाईकाच्या उजव्या खांद्यामागचं मडकं वाजलं. ते कारभाऱ्याचं.

नाईकानं पाठ केली होती खरी, पण कानाला कुठं पाठ असते? त्याला एकेक चिंचोका ऐकू येत होता. आणि त्याला ऐकू येतंय, हे समोरच्या प्रत्येक माणसाला कळत होतं. माणसं मडक्यांकडं बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडं बघत होती. टक, उजवीकडं. टक, पुन्हा उजवीकडं.

टोपलीवाली म्हातारी आली. तिनं बहिरी असल्याचं सोंग घेतलं आणि दोन्ही मडक्यांत हात घालून असा खडखडाट केला, की कुठं काय पडलं कुणालाच कळेना.

"पुरे, म्हातारे," कारभारी म्हणाला.

"आं? मोठ्यानं बोल, बाबा. हलगी न्हाई म्हून काही ऐकू येईना मला."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

मग नाईकाची बहीण आली. तिनं वर पाहिलं. रोज जी पाठ दिसायची त्या जागी आज तोंड होतं. नाईकाला वाटलं, हिनं पाठच बघितलेली बरी. ती त्याच्या डाव्या अंगानं गेली, कुंभाराच्या मडक्यात तिच्या बांगड्या किणकिणल्या. बराच वेळ तिथं हात राहिला. नाईक वाट बघत होता. मग बांगड्या निघाल्या, त्याच्या पाठीमागून उजवीकडं आल्या.

टक.

दुपारनंतर मडकी पारावर पालथी केली. कारभाऱ्याच्या मडक्यातून चिंचोक्यांची रास पडली. कुंभाराच्या मडक्यातून एकच चिंचोका घरंगळत आला. कुंभाराचा स्वतःचाही त्यात नव्हता म्हणतात. तो एक कुणाचा, ते तुम्ही ओळखलंच असेल.

"बघा नाईकबुवा," कारभारी म्हणाला, "कुणाला धक्का लागला नाही. रक्ताचा थेंब नाही." नाईकानंही स्वतःला तेच सांगितलं. कुणाला भाला लागला नाही, कुणाला शिवी दिली नाही. परत परत सांगितलं.

त्या सांजेला टोपली कधी नव्हती इतकी जड आली. प्रत्येक घरानं भाकरीवर तूप घातलं होतं, गुळाचा खडा ठेवला होता. डावरा खूश झाला. म्हातारीनं मात्र लुगड्याचा तुकडा अंथरला नाही, टोपली नुसती खाली ठेवली.

"आज खालीवर केलं न्हाईस, आजे," नाईक म्हणाला.

"कशापायी करू? सगळ्यांची एकच चव हाय. भ्यालेल्या पिठाची." ती पाय पसरून बसली. "रोज कुणी म्हणायचं, थांब म्हातारे, तव्यावरची गरम देते. कुणी म्हणायचं, मेली परत आली का. आज सगळ्यांनी भाकरी उंबऱ्याबाहेर ठेवल्या अन् दारं लावून घेतली. शिवी बी दिली न्हाई कुणी. लई वाईट वाटलं बघ."

नाईकानं टोपलीत हात घातला. अंगठ्यानं एकेका भाकरीची कड चाचपली. खाच सापडली. खाचेत तूप भरलेलं होतं. जिच्या घरात प्यायला पाणी नव्हतं, तिच्या घरचं तूप.

चिंचोक्यांच्या दिवसापासून राखणदारांचा मुक्काम पारावरच पडला होता, वेशीवर नाईक आणि एखादा-दुसराच असायचा. पुढं दिवाळी आली आणि भाऊबीज आली. दरसाल नाईक भाला चिंचेला टेकवून, वहाणा काढून बहिणीकडं जायचा. या साली भाला टेकवायला गेला, तर डावरा म्हणाला, "बिनभाल्याचं आत जायचं न्हाई, कारभाऱ्यांनी सांगितलंय. खालची आळी चिडल्याली हाय." नाईकाला वाटलं, कोपऱ्यात ठेवीन, त्यात काय. भाला नेला. भाला होता म्हणून वहाणाही राहिल्या.

बहिणीनं अंगण सारवलं होतं. ओसरीवर दोन पाट मांडलेले, दोन्हींभोवती रांगोळी.

"या, नाईक," ती म्हणाली. "बसा."

नाईक उभाच राहिला. "दादा म्हन की."

"चुकलं का काही आमचं?" ती म्हणाली, आणि दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडं तिनं भीत भीत पाहिलं.

"दोन पाट कशाला मांडलेस?"

"एक तुम्हाला, एक भाल्याला. तो उभा राहिला तर त्याला राग यायचा."

लहानपणी ती अशीच त्याची टिंगल करायची. आधी तोंड सरळ ठेवायची, आणि मग फुटायची हसायला. नाईक वाट बघत राहिला. ती हसली नाही. तिनं त्याला ओवाळलं, मग भाल्याच्या पात्याला कुंकू लावलं, आणि त्यालाही ओवाळलं.

त्यानं पाणी मागितलं. तांब्यात खाली माती बसलेली होती.

"तू मला सांगितलंस ना," तो हळूच म्हणाला, "कुंभाराला..."

"न्हाई न्हाई," ती घाईनं म्हणाली. "कारभाऱ्यांना टाकला. तुम्ही ऐकलंच असंल."

त्यानं आणलेलं लुगडं तिनं दोन्ही हात पुढं करून घेतलं, चावडीवर काही मिळालं की घ्यावं तसं. तो वेशीपर्यंत आला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की त्या दोन पाटांपैकी आपण कुठल्या पाटावर बसलो होतो तेच आठवत नाही.

तो तडक कारभाऱ्याकडं गेला.

"उद्यापासून पोळ्या नकोत. माझी माणसं वेशीबाहेर जातील. अन् पुढच्या साली हलगी वाजंल."

कारभाऱ्यानं खांद्यावर हात ठेवला. "माझी काहीच हरकत नाही. तुमच्या माणसांना विचारा."

माणसं पारावर पोळ्या खात बसली होती. नाईकानं सांगितलं तेव्हा कुणी उठलं नाही. डावऱ्यानं हातावरचं तूप मिशीला पुसलं.

"नाईक, पाठ केली तेव्हा भाकरी मिळायची. तोंड फिरवलं तर घरोघरचं तूप मिळायला लागलं. हे आम्हाला कुणी शिकवलं? तूच की. आता म्हनतोस, विसरा. पोट विसरतंय व्हय?"

"रान मोकळं पडलंय. तिकडं कोण बघनार?"

"ज्यांना लांडग्याची भीती वाटती, ते बघतील."

दोघांनी त्याच्या हातातला भाला काढून घेतला. ओढाताणही झाली नाही, कारण त्यानं तो घट्ट धरलेलाच नव्हता. पारावर गेला होता नाईक, परत आला तो नुसता माणूस. तो वेशीबाहेर चिंचेखाली जाऊन बसला.

कारभारी खूश होता. पण पुढं होळीच्या सुमाराला एकदा तो पारापाशी आला, तर डावरा उठला नाही. दुसऱ्या खेपेला डावरा त्याच्याच जागी बसला होता, आणि कारभारी उभा. तेव्हाही रक्ताचा थेंब सांडला नाही. ज्या भाल्यांच्या कड्यात आपण सुखात बसलो होतो, त्या भाल्यांना आपली गरजच उरली नाही, हे कारभाऱ्याला तिथं उभ्या उभ्या कळलं.

मग काय झालं, ते सांगताना जीभ जड होते. दोन्ही मडक्यांत राखणदारांचं प्यायचं पाणी भरायला लागले. कारभाऱ्याच्या बायकोनं सकाळपासून पुरण वाटायचं, आणि कमी पडलं तर डावऱ्याच्या शिव्या खायच्या. केळीच्या बागेत राखणदारांच्या शेळ्या सोडल्या. झऱ्याचा पाट मात्र खालच्या आळीला परत मिळाला नाही. गावाकडं तोंड केलेल्या भाल्यांच्या पाठीमागं रान उघडं पडलं, आणि लांडग्यांना ते माणसांच्या आधी समजलं. आधी शेळ्या गेल्या, मग कुंभाराचं गाढव. मग एका सांजेला परसात खेळणारं एक लेकरू गेलं. त्याची आई वेशीपर्यंत धावत आली, आणि तिथं कुणीच उभं नव्हतं.

त्या दिवसानंतर कारभारी चिंचेखाली आला. आता कपाळावर टिळा नव्हता. बरोबर खालच्या आळीची माणसंही होती, बहिणीचा नवरा होता.

"नाईकबुवा, काही राखणदार अजून तुम्हाला मानतात," कारभारी म्हणाला. "त्यांना घेऊन आत या. डावऱ्याला हाकला. सगळं गाव तुमच्या पाया पडेल."

"अन् मग?"

"मग मडकी परत मांडू. तुम्ही नुसतं शेजारी उभं राहा, म्हणजे कुणी दांडगाई करायचं नाही."

नाईकानं हातातली चिंचेची काडी मोडत मोडत बारीक केली.

"तिथंच तर उभा होतो मी," तो म्हणाला. "भाला घेऊन एकदा आत गेलो, तर डावरा तयार झाला. परत गेलो तर कोण तयार हुईल?"

"मग आम्ही काय करायचं?" बहिणीचा नवरा म्हणाला.

नाईकानं हातातला काडीचा चुरा झटकला. कारभाऱ्यानं सवयीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण न्यायला काही उरलं नव्हतं. हात तसाच घसरून खाली आला. माणसं आली तशी गेली.

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना म्हातारी आली. टोपली आता डावऱ्याच्या दारात जायची, म्हणून ती नुसती पदर सावरत आली होती. पदर भलताच फुगलेला.

"आजे, या वयात पोटुशी राहिलीस व्हय?" कितीतरी दिवसांनी नाईकाच्या तोंडातून चेष्टा निघाली.

"राहिली. घे, तुझंच हाय." तिनं पदराखालून हलगी काढली. "चावडीतनं उचलली. सगळे पोळ्या खाऊन लोळत व्हते."

मग तिनं दोन-चार भाकरी काढल्या, लुगड्याचा तुकडा अंथरला, त्यावर त्या टाकल्या आणि खालीवर करायला लागली.

"एकटा तर हाय मी. कुणासाठी मिसळतीस?"

"रीत हाय."

नाईक उठला. पाठ गावाकडं केली, तोंड रानाकडं, आणि हलगी वाजवायला लागला. भाला नव्हता. झुडपात हिरवे डोळे चमकले, थबकले. ते मागं सरले, पण गेले नाहीत. पाठीमागं गावात कुणी दार उघडलं की नाही, ते त्याला कळलं नाही, कारण तो वळला नाही.

हात दुखायला लागले तेव्हा म्हातारीनं एक भाकरी त्याच्या हातावर ठेवली. त्याचा अंगठा आपसूक कडेला गेला.

"आजे, ही..."

"इचारलंस तर उपाशी," म्हातारी म्हणाली.

नाईकाचा अंगठा तिथंच थांबला. कड न चाचपता त्यानं भाकरी मधोमध मोडली, आणि रानाकडं बघत खाल्ली. खाच होती की नव्हती, ते तुम्हीही विचारू नका.

तात्पर्य: राखणदारानं भाकरी साऱ्या गावाची खावी आणि पाठ साऱ्या गावाकडं करावी. एकदा तो एका घरची पोळी खाऊन गावाकडं तोंड करून उभा राहिला, की त्याचा भाला मग त्या घराचंही ऐकत नाही, आणि त्याला परत वळवायला गावापाशी काही उरत नाही.